शाळेला मदत करायची? आधी कडी आतून लागते का बघा

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी चार पोरं दुकानात आली. चाकणला कंपनीत कामाला असलेली, सुट्टीला गावी आलेली. वर्गणी काढून ४२ हजार जमवले होते आणि आपण शिकलो त्या जिल्हा परिषद शाळेला काहीतरी द्यायचं होतं. "काकू, रंग काढा. आन भिंतीवर चित्रं काढणारा कुणी असंल तर त्याचा नंबर द्या."

मी विचारलं, शाळेत पाण्याची टाकी केवढी आहे? माहीत नाही. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का? पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. लाईट चालू आहे का तोडलीय? तेही माहीत नाही. काउंटरवर काढलेला रंगाचा डबा मी उचलून परत फळीवर ठेवला. म्हणलं, सुट्टी संपून शाळा भरली की एक दिवस तिथं जाऊन बसा, मग या. रंग कुठं पळून जात नाही.

बीड जिल्ह्यातल्या केजला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी टाकलेलं, मालक गेल्यापासून बारा वर्षं मीच बघते. नळ, पाइप, टाक्या, वायर, कडीकोयंडे. शाळेला दान द्यायचं असलं की लोक दुकानात येतात, आणि दिलेलं मोडलं की त्याच शाळेचे सर पिशवीत तुटका नळ घेऊन येतात. दोन्ही वेळेला काउंटरच्या अलीकडं मीच. त्यामुळं कुठलं दान टिकतं आणि कुठलं वर्षभरात भंगारात जातं, हे मला पुस्तक न वाचता कळलेलं आहे. त्या पोरांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी जाऊन बसायचं

१५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला जाऊ नका. त्या दिवशी शाळा नवरीसारखी नटलेली असते, खरं काही दिसत नाही. साध्या वारी जा, सकाळी परिपाठाला पोचा आणि खिचडी होऊन ताटं धुऊन होईपर्यंत हलू नका. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी फोन करून विचारा, पण "कार्यक्रम ठेवू नका, हार-नारळ नको" हे आधीच सांगा. नाहीतर लेकरं उन्हात रांगेत उभी राहतील आणि सगळा दिवस त्यातच जाईल.

बरोबर एक टेप, एक टेस्टर आणि वही न्या. लेकरं पाणी कुठून पितात ते बघा. घरून बाटल्या आणत असतील तर टाकी आहे पण पाणी नाही, किंवा पाणी आहे पण त्याला वास येतो. मुली मधल्या सुट्टीत कुठं जातात ते बघा. घरी पळत जात असतील तर शाळेतलं संडास बंद आहे, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो. पट किती आणि हजर किती ते मोजा. गैरहजर लेकरांची नावं घेऊन "हे का आलं नाही" असं एकेकाचं विचारा. सगळ्यात उपयोगाची माहिती त्यातूनच मिळते.

सरांना विचाराल तर ते संगणक सांगतील, प्रोजेक्टर सांगतील. त्यांचं चुकत नाही, वरून त्यांना तेच विचारलेलं असतं. तुम्ही खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा. कुठल्या लेकराच्या घरी रात्री चूल पेटत नाही, कुठलं लेकरू दुसऱ्यांदा भात मागतं, सोमवारी कोण जास्त जेवतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. आणि लेकरांना विचारा, पण मोठ्या माणसांच्या घोळक्यात नाही. मी एकदा चौथीतल्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, संडासात जाता का गं? म्हणाली, "जाताव की. पर कडी लागत न्हाई आतून. मंग एक जण भाईर दार धरून हुभी ऱ्हाती." मी म्हणलं, आणि ती नसली तर? "मंग न्हाई जात."

त्या संडासाला बाहेरून आठ इंची झकास अल्ड्रॉप होता, कुलूप लावायला. आत काहीच नव्हतं. ज्यानं बांधलं त्यानं कुलपाचा विचार केला, आत बसणारीचा केला नाही.

कडी, नळ आणि टाकी

आतली कडी म्हणजे सहा इंची टॉवर बोल्ट. शंभराच्या आतबाहेर मिळतो, बसवायला पंधरा मिनिटं. पण सुतार सवयीनं तो आपल्या छातीच्या उंचीवर बसवतो आणि पहिलीतल्या लेकराचा हात तिथं पोचत नाही. जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर बसवायला सांगा आणि पहिलीतल्या एखाद्या मुलीकडून लावून-काढून बघा. तिला निघाला नाही तर ती आत अडकेल, आणि एकदा अडकलेलं लेकरू परत त्या दाराकडं फिरकत नाही. पत्र्याचं दार खालून गंजतं, म्हणून फरशीपासून बोटभर वर ठेवा. दाराच्या आत, भिंतीला, दप्तर किंवा ओढणी अडकवायला एक खुंटी मारा. खुंटीला दहा रुपये लागतात आणि ती कुणाच्याच यादीत नसते. सहावी-सातवीच्या मुली असतील तर झाकणाची एक बादली आतच ठेवा आणि पॅड कुणाकडं मागायचे ते एखाद्या बाईंना ठरवून द्यायला सांगा. कपाटाची किल्ली सरांकडं असली तर पॅड वर्षभर कपाटातच राहतात.

नळाचं सांगते. पितळी नळ देऊ नका. माल चांगला असतो, पण उन्हाळी सुट्टीत रात्रीतून काढून नेतात, भंगारात पितळेला भाव आहे. साधा प्लास्टिकचा द्याल तर पोरं त्यावर पाय देऊन चढतात, महिन्यात मान मोडते. मी पीटीएमटीचा नळ देते. तो प्लास्टिकसारखाच पांढरा दिसतो, पण टणक असतो आणि चोराला त्यात काही मिळत नाही. एका ओळीत चार नळ लावायचे असतील तर दोन खाली, दोन वर लावा. सगळी लेकरं एका उंचीची नसतात. नळाखाली उतार द्या आणि सांडपाणी एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडा. नाहीतर चिखल होतो, शेवाळ धरतं, आणि नळ चांगला असून तिथं कुणी जात नाही.

टाकी किती मोठी? ३५ लेकरांच्या शाळेत पिणं, हात-ताटं धुणं आणि संडास धरून दिवसाला साडेतीनशे-चारशे लिटर सहज लागतं. ५०० लिटरची टाकी पुरते, पण ती रोज भरली तर. आमच्याकडं फेब्रुवारी लागला की बोअर गुळण्या टाकायला लागतो, मग दोन-तीन दिवसांनी पाणी मिळतं, म्हणून १००० लिटरची घ्या. स्लॅबवर चढवायची असेल तर आधी विचार करा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. जुन्या खोलीच्या स्लॅबवर मी टाकी चढवू देत नाही, खाली विटांचा ओटा करून त्यावर ठेवा. आणि काळी टाकी भर उन्हात ठेवाल तर एप्रिलात त्यातलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. लिंबाच्या झाडाची सावली बघून ठेवा, वरून पांढरा हात मारा.

पावसाचं पाणी धरायचा उत्साह सगळ्यांना असतो. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. सहा बाय आठ मीटरच्या खोलीवर शंभर मिलिमीटर पडला तर पावणेपाच हजार लिटर. पण ते पडतं श्रावणात आणि नड असते मार्चमध्ये. एवढं साठवणारी टाकी बांधायला लाख रुपये असतील तर बांधा, नाहीतर पन्हाळ लावून पाइप बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात सोडा. खड्ड्यात दगड, मग खडी, मग वाळू. पहिल्या दोन पावसांचं पाणी आत घेऊ नका, त्यात छतावरची घाण असते.

मी स्वतः फसले ती गोष्टही सांगून टाकते. मालकांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी एका शाळेला आरओचं मशीन दिलं. त्यावर त्यांचं नाव, फोटोबिटो सगळं. आठ-नऊ महिन्यांनी कामाला गेले तर मशीनवर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवलेला. कार्ट्रिज भरलं होतं, नवं घ्यायला शाळेकडं पैसे नव्हते, आणि मी विकणारी बाई असून देताना हे मला सुचलं नव्हतं. वर ते मशीन जितकं पाणी देतं त्याहून जास्त पाणी नळीतून फेकून देतं. ज्या गावात टँकर येतो त्या गावाला मी पाणी फेकणारं मशीन दिलं! आता झाकणाची, तोटी असलेली स्टीलची पिंपं, गाळायला कापड आणि पाण्यात टाकायच्या मेडिक्लोर या जंतुनाशकाची बाटली एवढंच देते. बोअरचं पाणी खारं किंवा फ्लोराइडचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं आधी पाण्याचा नमुना तपासून घ्या.

सरकारचं काय, आपलं काय

पाठ्यपुस्तकं बालभारतीची, ती फुकट मिळतात. गणवेश मिळतो. दुपारचा आहार मिळतो. या तिन्हींत तुम्ही पैसा घालू नका. अडतं दुरुस्तीपाशी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे शाळेला वर्षाचं जे संयुक्त अनुदान असतं ते पटावर: ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. म्हणजे वाडी-तांड्यावरच्या २२ लेकरांच्या शाळेला वर्षाचे १० हजार, आणि त्यातच खडू, रजिस्टरं, लाईट बिल, झाडू, फिनेल. शहरातल्या शाळेपेक्षा त्या शाळेचं छत कमी गळतं असं थोडंच आहे? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: निवड करायची असेल तर रस्त्यावरची, पाटी दिसणारी शाळा सोडा आणि गाडी जिथं अर्ध्यातच ठेवावी लागते ती शाळा घ्या.

वह्यांचंही ऐका. माझं माहेर औशाकडचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. ट्रकच्या ट्रक कपडे आले. कोट, जरीच्या साड्या, लग्नातले बूट. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं त्यांनी जरीच्या साडीचं काय करायचं? ते ढीग पावसात कुजलेले मी बघितलेत. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं सीनेला पूर आला, लेकरांची दप्तरं वाहून गेली. तेव्हा वह्या पाठवणं बरोबरच होतं. पण एरवी प्रत्येक जयंतीला त्याच शाळेत त्याच दोनशे पानी वह्या येतात. द्यायच्याच असतील तर जानेवारीत द्या, जूनमधल्या वह्या तेव्हा संपलेल्या असतात.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सोडू नका.

पैसे कुणाच्या हातात देऊ नका, चांगल्या सरांच्या हातात तर मुळीच नाही, कारण बदली झाली की संशय त्यांच्यावर येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात. मुख्याध्यापक सचिव असतात. समितीची बैठक लावायला सांगा, काय काम करायचं आणि कोण देणार याचा ठराव घ्या. बैठकीला बायका खरंच येतात का तेवढं बघा. नाहीतर सह्या घरपोच गोळा होतात, आणि संडासाचा विषय ज्यांनी काढायचा त्या तिथं नसतातच. वस्तू दिली की ती शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टरात) चढली पाहिजे आणि त्या पानाचा फोटो तुमच्याकडं पाहिजे. नोंद नसलेला पंखा सरांच्या घरी गेला का पंचायतीत, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

भिंत पाडणं, खोली बांधणं, स्लॅबला हात लावणं हे काम दात्याचं नाही. धोकादायक खोलीचं आधी जिल्हा परिषदेकडून निर्लेखन, म्हणजे ती कागदोपत्री बाद, व्हावी लागते. त्यासाठी समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठपुरावा करा. तो पाठपुरावा हीसुद्धा मदतच आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत, चपला झिजवाव्या लागतात.

पावतीचं. दानावरची प्राप्तिकरातली सूट, म्हणजे ८०जी, हवी असेल तर त्या नोंदणीच्या संस्थेमार्फत द्या, शाळेच्या खात्यावर थेट टाकलेल्या पैशावर ती मिळेल असं धरून चालू नका. रोख २ हजारांच्या वर दिलं तर सूट नाही, आणि नव्या करपद्धतीत गेलेल्यांना ती मुळातच नाही. गावचा कुणी दुबईला असेल आणि पासपोर्ट भारताचा असेल, तर त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेतून पाठवलेले पैसे चालतात. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आतेभावाचे पैसे परकीय धरले जातात. त्यासाठी घेणाऱ्या संस्थेकडं वेगळी नोंदणी लागते, ती नसेल तर गोड बोलून नाही म्हणा. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा, हवा असेल तर तो कंपनी स्वतः खर्च करते किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत देते, चार मित्रांच्या ग्रुपला कुणी चेक देत नाही. केंद्र सरकारचं विद्यांजली नावाचं पोर्टल आहे. तिथं शाळा स्वतः आपली गरज टाकू शकते. त्याला शाळेचा अकरा आकडी यू-डायस नंबर लागतो, आपल्या राज्यातल्या शाळांचा २७ नं सुरू होतो.

आणि हो, तीन दुकानांतून भाव घ्या. माझ्याकडूनच घ्या असं मी म्हणत नाही. मनात असतं, पण म्हणत नाही.

लाईट आणि पंखे थोडक्यात. टीव्ही देण्याआधी बिल किती थकलंय ते बघा, थकलेलं भरायचं ठरलं तर पुढच्या वर्षी कोण भरणार तेही विचारा. साधा पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे सहा तास चालले तर पहिल्यांना दिवसाला पावणेदोन युनिट लागतात, दुसऱ्यांना पाऊण. एक किलोवॅटच्या सोलरवर दिवसाला चारेक युनिट मिळतात, म्हणजे लहान शाळेचं सगळं भागतं. पण बॅटरीवाला सोलर घेतला तर काही वर्षांनी बॅटरी बदलायची, ते आजच लिहून ठेवा. पॅनलवरची धूळ पुसायला कुणीतरी नेमा. अर्थिंग केल्याशिवाय लेकरांच्या हाताशी कुठलंही बटण देऊ नका.

दसऱ्याच्या आधी

वर लिहिलेलं सगळं करूनही आमच्याकडं शाळा रिकामी राहू शकते, कारण दसरा-दिवाळीनंतर गावच रिकामं होतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आमच्या केजच्या डोंगराकडच्या वाड्या, सगळा बालाघाट ऊसतोडीला निघतो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून तोडणीची एक जोडी, तिला म्हणायचं एक कोयता. लेकरं ट्रॅक्टरवर बसून बरोबर जातात आणि येतात ती पाडव्याच्या आसपास. सहा महिन्यांचा अभ्यास गेलेला असतो.

त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच वाड्यांत लेकरं रात्री आजीकडंच झोपतात आणि दोन्ही वेळचं जेवण शाळेकडून मिळतं. मंजुरी यायला, पैसे पडायला वेळ लागला तर मधले तीन-चार आठवडे कोण चालवणार? तिथं तुमचे पैसे घाला. किराणा, गॅसची टाकी, स्वयंपाकाच्या बाईचा पगार, सोलापुरी चादरी, खोबरेल तेल, साबण, उवांचं औषध, आणि संध्याकाळी अभ्यास घेणाऱ्या गावातल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला मानधन. याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून याला दाते मिळत नाहीत.

वेळ मात्र चुकवू नका. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि लेकराला न्यायचं का ठेवायचं हे घरात दसऱ्याच्या आधी ठरतं. त्यामुळं पितृपक्षात वाडीवर जा. सर, समितीतल्या एक-दोन बायका आणि तुम्ही, घरोघर. "लेकरू ठेवा" असं भाषण करू नका. "ठेवायचं तर काय अडतंय?" एवढं विचारा.

एका घरात चौथीतली मुलगी होती, हुशार, पाढे घडाघड म्हणायची. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आई म्हणाली, "हिला न्यावंच लागतंय. फडात ह्याला कोन सांभाळंल?" मी म्हणलं, दोघांनाही आजीकडं ठेवा की. आजी ओट्यावर बसलेली होती. म्हणाली, "माय, मला हाताचं बोट दिसना झालंय. पोरगं चुलीत गेलं तर?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं आजीचं ऑपरेशन झालं. आम्हाला खर्च आला तो जीपचा, ड्रॉप्सचा, काळ्या चष्म्याचा आणि बरोबर राहिलेल्या सुनेच्या तीन दिवसांच्या रोजाचा. अडीच हजारांच्या आत. दसऱ्याच्या आधी एक डोळा झाला. त्या वर्षी कोयता गेला आणि दोन्ही लेकरं आजीजवळ राहिली. मुलगी एक दिवस भावाला घेऊनच वर्गात बसलेली दिसली, तर सरांनी त्याला अंगणवाडीत पोचवायची जबाबदारी खिचडीच्या ताईंना दिली.

एवढं करूनही काही लेकरं जाणारच. त्यांच्यासाठी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड भरून घ्या आणि आईच्या पिशवीत ठेवायला सांगा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसवून घ्यायला अडचण येत नाही. बरोबर पाटी, दोन वह्या आणि वाचायची दोन पातळ पुस्तकं द्या. सरांचा नंबर वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहा, बाहेर लिहिला तर पुसतो.

नाव कुठं घालायचं

आपल्याकडं लग्नातल्या पातेल्यावरसुद्धा "सप्रेम भेट" कोरून घेतात, त्यामुळं नावाची हौस मी समजू शकते. दाराच्या आत एका कोपऱ्यात छोटी पाटी लावा, बस. एका शाळेत मी पंख्याच्या तिन्ही पात्यांवर आजोबांचं नाव बघितलंय. पंखा लावला की आजोबा गरागरा फिरायचे.

लेकरांना मात्र नावानं पुढं बोलवू नका. "ऊसतोड कामगाराचा मुलगा" असं माईकवर म्हणून एका पोराला स्वेटर देताना मी ऐकलंय. त्यानं तो स्वेटर थंडीभर घातला नाही, त्याच्या आईनंच मला सांगितलं. स्वेटर द्यायचे तर वर्गातल्या सगळ्यांना द्या. सगळ्यांना पुरत नसतील तर सरांकडं ठेवा, ते गुपचूप देतील. फोटो हवाच असेल तर टाकीचा काढा.

दुसऱ्या वर्षाचे पैसे

जमलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा आजच बाजूला काढा, दुरुस्तीसाठी. मी प्रत्येक दात्याला एक डबा भरून देते: दोन नळ, वायसर, टेफ्लॉन टेपचे तीन रोल, एक टॉवर बोल्ट, स्क्रू, एक स्क्रूड्रायव्हर, एक पाना, दोन एलईडी बल्ब, एम-सील. डब्याच्या झाकणाला आतून गावातल्या किंवा शेजारच्या गावच्या प्लंबरचा नंबर चिकटवते. पाचवी-सहावीच्या पोरा-पोरींना अर्धा तास बसवून नळ कसा बदलायचा ते दाखवा. पोरी लवकर शिकतात, टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायची हे एकदाच सांगावं लागतं. स्वतः बसवलेल्या नळावर ती मग दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नाहीत.

ती चाकणची चार पोरं पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार धरून आली. वहीची दोन पानं भरलेली. रंग यादीत होता, पण अकराव्या नंबरला. वर टाकी, ओटा, चार नळ, दोन टॉवर बोल्ट, खुंट्या, झाकणाच्या बादल्या, थकलेल्या लाईट बिलातली बाकी. सगळं मिळून झालं साडेएकवीस हजारांचं. आठ हजार त्यांनी दुरुस्तीला म्हणून समितीच्या खात्यावर ठराव करून ठेवले. उरलेले साडेबारा हजार कुठं घालायचे ते त्यांच्यातल्या एकाची आई सांगणार आहे. ती समितीवर आहे आणि पितृपक्षात माझ्याबरोबर वाडीवर येणार आहे. मोतीबिंदूवाली आणखी एक आजी तिनं आत्ताच सांगून ठेवलीय, आणि दुसरीतला एक मुलगा, ज्याला फळ्यावरचं दिसत नाही पण घरच्यांना वाटतंय तो मठ्ठ आहे.